घरचा अभ्यास, पण कोणाच्या घरचा?

दिवस मावळला, ढोरें गोठ्यांत बांधलीं, चूल पेटली, कीं त्याच सुमारास मोबाईल वाजतो. शाळेच्या गटावर मास्तरांचा निरोप येऊन पडलेला असतो : इयत्ता तिसरी, धडा वाचणें, खालील प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून फोटो पाठविणें, पालकांनीं लक्ष द्यावें. निरोप चार ओळींचा. पण त्या चार ओळींत गृहीत धरलेल्या गोष्टी पाहा. घरांत मोबाईल आहे. तो या वेळीं घरींच आहे. त्यांत पैसे भरलेले आहेत. घरांत वाचतां येणारें माणूस आहे. त्या माणसास सवड आहे. मुलाला बसायला उजेडाची जागा आहे. यांतली एक जरी गोष्ट नसली तरी दुसऱ्या दिवशीं वर्गांत खालीं मान घालून उभें राहावें लागतें तें मुलाला. ज्या साहेबानें हा नमुना काढला त्याला कोणी उभें करीत नाहीं.

आम्ही स्वतः खेड्यांतल्या शाळेंत खडू झिजविणारे आहों. तेव्हां हें लिहिणें बाहेर उभें राहून मास्तरांवर दगड मारण्यासाठीं नव्हे. पण जें रोज डोळ्यांपुढें दिसतें तें आमच्या वाचकांपुढें मांडलें नाहीं, तर मग हें पत्र चालवायचें कशासाठीं?

ही चाल कोठून आली तें आधीं पाहूं. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें राज्यांतल्या शाळा बंद झाल्या. खेड्यांतल्या पहिली ते चौथीच्या वर्गांचीं कुलपें निघालीं तीं १ डिसेंबर २०२१ रोजीं, आणि लगेच जानेवारींत पुन्हां कांहीं दिवस लागलीं. मधले वीस महिने गेले. मार्च २०२० मध्यें जें मूल पहिलींत होतें तें शाळेंत परत आलें तेव्हां तिसरींत बसलें. दुसरीचा वर्ग त्यानें पाहिलाच नाहीं, आणि कागदोपत्रीं तें त्यांत पासही झालें! या काळांत सरकारचें ब्रीद होतें, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'. रोजची अभ्यासमाला मोबाईलवर येई, 'दीक्षा' नांवाचें ॲप होतें, पुस्तकांतल्या चौकोनी खुणेवर मोबाईल धरला कीं धडा बोलूं लागे. योजना कागदावर वाचली तर वाईट म्हणतां येत नाहीं. सांथ खरी होती, माणसें मरत होतीं, शाळा बंद ठेवण्याची पाळी कोणीं हौसेनें आणलेली नव्हती. आमचें गाऱ्हाणें शाळा बंद केल्याबद्दल नाहीं. 'शिक्षण सुरू' या दोन शब्दांबद्दल आहे. तें कोणाचें सुरू होतें?

'असर' या पाहणीचे आंकडे सर्वांपुढें आहेत. देशांतल्या खेड्यांत शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा ३६.५ मुलांच्या घरीं २०१८ सालीं स्मार्टफोन होता. २०२० सालीं हा आंकडा ६१.८ झाला, २०२१ सालीं ६७.६. लोकांनीं पोटाला चिमटा घेऊन मोबाईल घेतले, हें यावरून दिसतें. पण त्याच २०२१ च्या पाहणींत असेंही निघालें कीं ज्या घरीं स्मार्टफोन होता त्या घरांतल्याही शेंकडा २६ मुलांच्या हातीं तो येतच नव्हता. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा वगैरे अभ्यासकांनीं महाराष्ट्रासह पंधरा राज्यें व केंद्रशासित प्रदेशांत गोरगरीब वस्त्यांतून फिरून मुलांची विचारपूस केली. खेड्यांतल्या त्या मुलांपैकीं नियमानें मोबाईलवर शिकणारीं निघालीं शेंकडा ८, आणि मुळींच अभ्यास न करणारीं शेंकडा ३७. शंभरांत आठांचें शिक्षण सुरू, आणि ब्रीद मात्र साऱ्यांच्या नांवानें!

मोबाईल असूनही मुलाच्या हातीं कां येत नाहीं, हें शहरांत बसणाराला समजणार नाहीं. आमच्या वाचकांस सांगावें लागत नाहीं. तरी एकदां लिहून ठेवलेलें बरें. वर्धा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याचा मोबाईल हा घरांतली वस्तू नसतो, तो घरधन्याच्या खिशांतली वस्तू असतो. रात्रीं रानडुकरांच्या भीतीनें जागलीला गेलेला बाप मोबाईल घेऊनच जातो. तोच त्याची बॅटरी, तोच त्याचा सोबती. ज्या गांवीं ओलिताची लाईन रात्रपाळीनें येते तेथें हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या हातींही तोच. दिवसां तो हिंगणघाटच्या बाजारांत कापसाचा भाव विचारीत असतो. आर्वी-कारंजाकडचा गवळी गाई घेऊन रानांत गेला, कीं तेथें मोबाईल असून नसल्यासारखा. सुताराचा, लोहाराचा, शिंप्याचा मोबाईल म्हणजे त्याचें दुकान. गिऱ्हाइकाची हांक त्यावर येते, तो पोराच्या हातीं देऊन त्यानें रोजी बुडवावी काय? आणि घरीं तीन मुलें शिकणारीं असलीं तर पहिला हक्क दहावींतल्या मुलाचा, मग दुसऱ्या मुलाचा, आणि सर्वांत शेवटीं मुलीचा. तिची पाळी येते तेव्हां मोबाईलची बॅटरी उतरलेली असते, नाहीं तर तिला भाकरी थापायला हांक आलेली असते. आश्विन-कार्तिकांत सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी एकमेकींवर येऊन पडतात. त्या दोन महिन्यांत आई अंधारांत घरीं येते. तिनें 'लक्ष द्यावें' तें कधीं?

सारेच हात बांधून बसले होते असें मात्र नाहीं. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं 'टिलीमिली' ही मालिका लागत असे. ती मोबाईलहून उजवी होती असें आमचें मत आहे, कारण शेजारच्या घरीं जाऊन चार पोरें मिळून ती पाहूं शकत. सोलापुरांत नीलमनगर म्हणून कापडाच्या धंद्यांतल्या मजुरांची वस्ती आहे. तेथल्या एका शाळेच्या शिक्षकांनीं घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे, अक्षरें आणि पाढे रंगवून काढले. पोरें अंतर राखून भिंतीपुढें उभीं राहत आणि वाचीत. भिंतीला रिचार्ज लागत नाहीं. भिंत बापाबरोबर शेतांत जात नाहीं. आणि भिंतीवरचें अक्षर पाणी भरायला निघालेल्या मुलीलाही दिसतें. आमच्या भागांतही कित्येक मास्तर आणि मास्तरीण बाई निंबाखालीं, देवळाच्या ओट्यावर पांच-पांच पोरें बसवून शिकवीत होत्या. त्यांना तसा हुकूम कोणीं दिला नव्हता, आणि नंतर शाबासकीही कोणीं दिली नाहीं. शाबासकी मिळाली ती ज्यांनीं फोटो नीट पाठविले त्यांना.

पुढें जुलै २०२१ मध्यें मुलांचें बुडालेलें भरून काढण्यासाठीं ४५ दिवसांचा 'सेतू' अभ्यासक्रम निघाला. नांव चांगलें होतें. पण पहिली ते चौथीच्या शाळा तेव्हां बंदच होत्या, म्हणून हा पूल पाठविला तो पुन्हां मोबाईलवरून. मोबाईल नसल्यामुळें जें मूल नदींत पडलें त्याला वर काढायला बांधलेला पूल मोबाईलवर! यावर आम्ही अधिक कांहीं लिहीत नाहीं.

याचें फळ काय झालें तेंही आंकड्यांनींच सांगूं. तिसरींतल्या मुलाला दुसरीचा साधा धडा वाचतां येतो कीं नाहीं, एवढीच ती कसोटी. देशांतल्या खेड्यांत २०१८ सालीं शंभरांत २७.३ मुलांना तो येत होता. २०२२ सालीं २०.५ मुलांना. आणि २०२४ सालीं पाहिलें तेव्हां आंकडा पुन्हां २७.१ वर आलेला होता. हा शेवटचा आंकडा लोक विसरतात. मोबाईलवर दोन वर्षांत जें गेलें तें फळा, खडू आणि समोर बसलेला मास्तर यांनीं पुढच्या दोन-तीन वर्षांत परत मिळविलें. मूळचे सत्तावीसही लाज वाटण्याजोगेच आहेत, ही गोष्ट वेगळी.

आतां खरा मुद्दा. सांथ गेली, कुलपें निघालीं, पण मोबाईलवरचा अभ्यास कांहीं गेला नाहीं. तो सोयीचा झाला. वर्गांत धडा पुरा झाला नाहीं तर रात्रीं गटावर टाकून द्यावा. वरून साहेबानें विचारलें तर फोटो दाखवावा. काम झाल्याचा पुरावा तयार. यांत एकट्या मास्तराला दोष देणें बरोबर नाहीं. कायदा सांगतो कीं साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन. म्हणजे आमच्या बहुतेक खेड्यांत एका मास्तरापुढें दोन वर्ग. एका वर्गाला शिकवायचें, तों दुसऱ्याला कांहीं तरी लिहीत बसवायचें, आणि उरलेलें घरीं धाडायचें. शिवाय त्याच कायद्यानें जनगणना, आपत्तीचें काम आणि निवडणूक एवढींच बाहेरचीं कामें शिक्षकाच्या माथीं मारण्यास मुभा दिली आहे. पण रोज भरावयाच्या माहितीचा जो पूर मोबाईलमधून येतो तो या तिहींत कोठें बसतो हें आम्हांस कोणीं सांगितलेलें नाहीं. मास्तराचा वेळ वरचा माणूस खातो, आणि मास्तर आपला तोटा खालच्या माणसावर, म्हणजे अडाणी आईवर, ढकलतो. पाणी उताराकडेच जायचें.

प्रकल्प म्हणून एक दुसरें लचांड आहे. 'पाण्याचें महत्त्व', 'आपले सण', 'माझें गांव' अशा विषयांवर चित्रें चिकटवून वही करावयाची. चित्रें येतात तालुक्याच्या दुकानांतून, रंगीत छापून, एका पानाचे दहा-वीस रुपये देऊन. गांवच्या विहिरीला पाणी नाहीं म्हणून दोन कोस हंडा घेऊन जाणारी मुलगी शहरांतल्या नळाचें चित्र विकत आणून पाण्याचें महत्त्व लिहिते. ज्याच्या बापाजवळ पैसे आहेत त्याची वही देखणी, आणि देखण्या वहीला गुण जास्त. ही परीक्षा मुलाची झाली, कीं बापाच्या खिशाची?

सरकारचें स्वतःचें म्हणणें यापेक्षां फारच शहाणपणाचें आहे. केंद्र सरकारनें २०२० सालीं दप्तराविषयीं जें धोरण काढलें त्यांत दुसरीपर्यंतच्या मुलांना घरचा अभ्यास देऊंच नये आणि तिसरी ते पांचवीच्या मुलांना आठवड्याला फार तर दोन तासांचा द्यावा, असें स्पष्ट म्हटलें आहे. दिवसाला नव्हे, आठवड्याला. तसेंच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें पहिली ते पांचवीच्या वर्गांना वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकविलें पाहिजे असें ठरविलें आहे. हे आठशें तास तुमच्या मुलाचे हक्काचे आहेत. ते पुरे मिळाले तर रात्रीं आईच्या पदराला हात घालण्याची गरज पडूं नये. आणि ते पुरे मिळत नसतील, तर ते कोठें गेले हें विचारण्याचा अधिकार तुमचा आहे.

घराची ओढाताण ओळखून शाळा चालविणारीं माणसें याच महाराष्ट्रांत होऊन गेलीं. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यास रात्रीची शाळा काढली, ती दिवसा राबणाऱ्या माणसांना रात्रींच सवड असते म्हणून. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली, आणि मास्तर असा मागितला कीं जो शेतकऱ्या-कारागिरांत मिळून मिसळून राहील व हातानें काम करायला लाजणार नाहीं. कारण उघड आहे. शिकणाराचें घर कसें आहे हें ज्याला ठाऊक आहे तोच त्याला पेलेल असा अभ्यास देऊं शकतो. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत शिक्षण मोफत व सक्तीचें केलें तेव्हां मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. दंड कडक खरा. पण मुलाला शाळेंत पोंचवलें कीं बापाचें काम संपलें, पुढचें शाळेनें करावयाचें, असा तो सौदा होता. आज दंड नाहीं, पण शाळेंत पोंचवूनही बापाचें काम संपत नाहीं.

आमच्या जिल्ह्याचेंही या बाबतींत एक जुनें नातें आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, गांधीजी तिचे अध्यक्ष होते, आणि पुढें डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें सात वर्षांचें मोफत, सक्तीचें, मातृभाषेंतलें व हस्तोद्योगाभोंवतीं रचलेलें शिक्षण सुचविलें. तीच नई तालीम, वर्धा योजना. कामकऱ्याच्या पोराला पुन्हां कामालाच जुंपण्याचा हा बेत तर नव्हे, अशी शंका त्या काळींच अनेकांनीं घेतली होती, आणि ती निराधार होती असें आम्हांस वाटत नाहीं. टकळी फिरविणें शहरांतल्या मुलाला नवें. पण ज्याचा जन्मच कापसाच्या ढिगावर गेला त्याला अक्षराची भूक जास्त. तरी एक गोष्ट त्या योजनेंत निर्विवाद चांगली होती : शिकायचें तें शाळेंत, मास्तराच्या डोळ्यांदेखत, आणि हातांतल्या कामाशीं जोडून. घरीं कोणी शिकलेलें आहे कीं नाहीं यावर तींत मुलाचें नशीब अवलंबून नव्हतें.

घरचा अभ्यास मुळींच नको, असें आम्ही म्हणत नाहीं. पाढा पाठ करायला, अक्षर वळवायला घरीं थोडा सराव लागतो, हें आम्हीही जाणतों. पण तो सराव मुलाला एकट्याला करतां आला पाहिजे, त्यासाठीं कांहीं विकत आणावें लागूं नये, आणि तो फळ्यावरून वहींत उतरवून घरीं जावा. मोबाईलवरून येऊं नये. मग मोबाईल असो-नसो, सारीं मुलें एका पायरीवर. आणि घराला कांहीं विचारायचेंच असेल तर जें घराला येतें तें विचारावें. आई दिवसभरांत किती किलो वेचते, किलोला मजुरी काय मिळते, तर आठवड्याचे किती झाले, हें चौथीच्या मुलानें मांडून आणावें. लोहाराच्या पोरानें आजोबांस विचारून अवजारांचीं दहा नांवें लिहावीं. कुंभाराच्या मुलीनें भट्टी लावायला किती दिवस लागतात तें लिहावें. गोंडांच्या पोडावरच्या मुलानें एका झाडाचें आपल्या बोलींतलें नांव आणि मराठींतलें नांव शेजारीं शेजारीं मांडावें. अशा अभ्यासांत अडाणी आई अडाणी राहत नाहीं. सांगणारी तीच असते. (यावरून कोणीं असा अर्थ काढूं नये कीं पोराला वेचणीला न्यावें. हिशेब वेचणीचा करायचा, वेचणी नव्हे.)

आतां चार शब्द आमच्या वाचकांस. घरचा अभ्यास वाढण्यास तुम्हीही थोडा हातभार लावतां. "मास्तर, पोराले घरचा अभ्यास काऊन नाई देत?" हा सवाल आम्ही बाजारांत कितीदां तरी ऐकतों. पुलगांवच्या कॉन्व्हेंटांत पोरगा रोज चार पानें लिहितो, म्हणजे तेथें शिक्षण चांगलें, असा समज होऊन बसला आहे. चार पानें लिहिण्याचें नांव शिक्षण नव्हे. मुलाला जवळ बसवा आणि म्हणा, आज शाळेंत काय झालें तें मला सांग. पुस्तकांतला धडा मला मोठ्यानें वाचून दाखव. तुम्हांला वाचतां येत नसलें तरी तें अडखळतें कीं सरळ वाचतें हें कानाला कळतेंच. दहा मिनिटें पुरतात. तेवढीं दहा मिनिटें मुलीलाही द्या. तिच्या काखेला लहान भावाला देऊन तिला उठवूं नका.

आणि शाळेचें मागणें शाळेंत जाऊन मागा. कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यांत चारांतले तीन तरी सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. पुष्कळ गांवीं ही समिती सह्यांपुरती आहे. वही घरीं येते, अंगठा उठतो, वही परत जाते. वेचणीचा हंगाम लागला कीं कोणालाच सवड राहत नाहीं, म्हणून पोळा झाला कीं सभा बोलवायला सांगा. सभेंत तीन गोष्टी विचारा : गेल्या वर्षीं आठशेंपैकीं किती तास शिकविलें गेलें, दुसरीपर्यंतच्या मुलांना घरचा अभ्यास कां दिला जातो, आणि शाळेची एक खोली संध्याकाळीं तासभर दिवा लावून उघडी ठेवतां येईल कीं नाहीं, म्हणजे ज्यांच्या घरीं जागा नाहीं तीं मुलें तेथें बसतील. दिव्याचें बिल ग्रामपंचायतीनें भरावें. तें एका मिरवणुकीच्या खर्चाहून कमी येतें. पोरांवर नजर ठेवायला गांवांतला बारावी झालेला एखादा पोरगा किंवा पोरगी मिळेल. मास्तरालाच पुन्हां जुंपूं नका, तो दिवसभर दोन वर्ग हांकून थकलेला असतो. उत्तर तोंडीं घेऊं नका. वहींत ठराव लिहवून घ्या, तो मोठ्यानें वाचायला लावा, मगच सही करा, आणि त्याची एक नक्कल आपल्यापाशीं ठेवा.